सकाळी चहाबरोबर काय घेता?

शरद ऋतू ही वैद्याची आई, असं आम्हाला नागपूरला आयुर्वेद कॉलेजात शिकवलं होतं. म्हणजे या दिवसांत लोक हमखास आजारी पडतात आणि वैद्याच्या घरची चूल पेटते. आयर्लंडमध्ये ही आई एक ऑगस्टलाच दारात येऊन उभी राहते, कारण इथल्या शाळेत ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर म्हणजे शरद असं शिकवतात. एकतीस जुलैपर्यंत उन्हाळा असतो. तो तुम्हाला दिसला नसेल तर तुमचं लक्ष नव्हतं.

कॉर्कमध्ये एका चिनी औषधांच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं काम केलं. नवऱ्याची आयटीतली नोकरी, म्हणून आम्ही इथे आलो. माझ्या डिग्रीचं इथे काय होतं, असं मला अजून लोक विचारतात. काही होत नाही. ती कपाटात असते. पहिली दोन वर्षं मी घरात बसून शेजारणीच्या कुंड्या मोजल्या आणि मग एक दिवस एका दुकानाच्या काचेवर ‘मदतनीस हवी’ अशी पाटी दिसली.

मालकीण लिनबाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या आणि आवाज भाजी बाजारातला. मुलाखत म्हणून त्यांनी एका खणातून पिवळट मुळी काढून माझ्या नाकाशी धरली. मी म्हटलं, ‘‘ज्येष्ठमध.’’ शब्द त्यांना कळला नाही, पण मी ती तोंडात टाकून चघळायला लागले ते कळलं. ‘‘सोमवारपासून या,’’ म्हणाल्या. ही मुळी पुढे परत येणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

काम असं. भिंतभर लाकडी खण, त्यात मुळ्या, साली, पानं, बिया, फुलं. लिनबाई आत बसून रोग्याची जीभ पाहायच्या, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी बघायच्या आणि कागदावर दहा-बारा औषधं लिहून द्यायच्या. मी बाहेर ती काट्यावर तोलून एकेका दिवसाची पुडी बांधायची. रोग्यानं घरी ती अर्धा-पाऊण तास उकळायची, गाळायची आणि नाक दाबून प्यायची. उकळताना येणारा वास मी सांगत बसत नाही. एका बाईच्या नवऱ्यानं तो वास आल्यावर गटार दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं होतं. तो माणूस गटार पाहून गेला आणि पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला आमच्याकडे आला.

शरदात आमच्याकडे रांग लागायची. चिनी शास्त्राप्रमाणे शरद हा कोरडेपणाचा ऋतू आणि त्याचा मार फुप्फुसांवर. म्हणून मान झाका, वारं लागू देऊ नका, लवकर निजा, कच्चं-गार खाऊ नका, पांढरं खा. पांढरं म्हणजे मुळा, कमळकाकडी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं नासपती. सालीसकट कापायची, खडीसाखर घालून मऊ होईपर्यंत उकळायची आणि पाण्यासकट खायची. कॉर्कमध्ये या दिवसांत हवा इतकी ओली असते की दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशी आणखी जड होते. मी एकदा लिनबाईंना म्हटलं, ‘‘कोरडेपणा कुठे आहे हो?’’ त्यांनी खिडकीकडे पाहिलं, बाहेर धो-धो पडत होता, मग हीटरकडे बोट दाखवलं. ‘‘घरात,’’ म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

आमचं वाजायचं ते यावरूनच. माझ्या शास्त्रात शरद म्हणजे पित्ताचा ऋतू, ऑक्टोबरची उष्णता. त्यांच्यात कोरडा, थंड. सतरा वर्षं आम्ही रोज दुपारच्या जेवणाला शरद ऋतूवरून भांडलो आणि एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. माझ्या थालीपिठाला त्या ‘उष्ण’ म्हणायच्या आणि दोन खायच्या.

लिनबाईंचा आणखी एक प्रश्न होता. खोकल्याचा रोगी आला की जीभ आणि नाडी झाल्यावर त्या शांतपणे विचारायच्या, ‘‘घरात कोण गेलं?’’ त्यांच्या शास्त्रात दुःख फुप्फुसात बसतं आणि शरदात डोकं वर काढतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई धंदा बुडवणार. मग मॅलो गावाकडचा एक शेतकरी आला. साठीचा, अंगानं धिप्पाड, दोन महिने खोकत होता. कसे आहात म्हटलं तर ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत झकास. झोप? ग्रँड. भूक? ग्रँड. इथे हातातलं हाड मोडून बाहेर आलं तरी माणूस ग्रँडच असतो. लिनबाईंनी विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, कोणी नाही. मग टोपी काढून म्हणाला, ‘‘फक्त कुत्रा.’’ आणि एवढा मोठा बाप्या खुर्चीत बसून पंधरा मिनिटं रडला. मी चहा दिला. खोकला तीन आठवड्यांनी गेला. कुत्र्यामुळे, चहामुळे की पुड्यांमुळे, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण त्या दिवसापासून मी त्या प्रश्नाला हसले नाही.

आता माझा प्रश्न. नवीन रोग्याचा फॉर्म मी भरायची. त्यात सातवा प्रश्न: सध्या कोणती औषधं घेता? हा माझ्या आग्रहानं घातलेला. कारण ती ज्येष्ठमधाची मुळी. घशाला उत्तम, चवीला गोड आणि चिनी पुड्यांत बहुतेक वेळा थोडी असतेच. पण ती जास्त झाली की अंगात पाणी धरतं, ब्लडप्रेशर चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ज्याला बीपी आहे, त्यातही लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू आहे, त्याला ही मुळी द्यायची नाही. हा दवाखान्याचा नियम. माझ्या कॉलेजातही तो शिकवला होता, फक्त तिथे पोटॅशियमच्या ऐवजी श्लोक होता.

पुढे पुढे आपली मराठी मंडळी यायला लागली. मुलगा-सून सॉफ्टवेअरमध्ये, आणि आईबाप उन्हाळ्यानंतर तीन महिन्यांसाठी आलेले. त्यांना सातवा प्रश्न विचारून उपयोग नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. पुण्याच्या एक काकू. मी विचारलं, ‘‘औषधं काही चालू आहेत?’’

‘‘छे गं बाई. मी औषधाच्या नावानं लांब असते.’’

‘‘सकाळी चहाबरोबर काय घेता?’’

‘‘चहाबरोबर होय? एक बीपीची, एक थायरॉइडची, ती कोलेस्टेरॉलची रात्री. आणि ती छोटी गुलाबी, ती कशाची ते ह्यांना विचारावं लागेल.’’

काकू खोटं बोलत नव्हत्या. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घेतात ते. रोजची गोळी हे औषध नव्हे, तो दिनक्रम. तेव्हापासून माझा सातवा प्रश्न मराठी माणसासाठी वेगळा होता. लिनबाईंनी तो पाठ करून ठेवला होता. कोणी भारतीय म्हातारं माणूस दिसलं की आतून ओरडायच्या, ‘‘सुलू, चहा विचार!’’ मला त्या प्रश्नाचा फार अभिमान होता. एवढा की जेवणाला आलेल्या पाहुण्यांना मी तो किस्सा वाढायची.

माझी आई जूनमध्ये गेली. अमरावतीला, दोन दिवसांच्या तापानं. ती आणि बाबा ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणार होते. तिकिटं काढलेली, बॅगा अर्ध्या भरलेल्या. तेराव्यापर्यंत मी तिथे होते. मग बाबा म्हणाले, ‘‘तिकीट आहे त येतो. एकट्याचंच आता.’’ आणि आले. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चाळीस वर्षं लोकांना कुठली गाडी कुठे लागली ते सांगत आले, त्यामुळे घरात फारसं बोलत नाहीत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना खोकला लागला. कोरडा, खुसखुस करणारा, दिवसभर. हळद-दूध झालं, मध-आलं झालं. शेवटी मी त्यांना लिनबाईंकडे नेलं. बाबांनी जीभ काढली, मनगटं पुढे केली. लिनबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘घरात कोण गेलं?’’

मी ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, ‘‘सांग तिले, माही घरची गेली.’’

लिनबाईंनी बाबांच्या कोऱ्या फॉर्मवर वरच्या बाजूला एक अक्षर काढलं. तोवरच्या बारा वर्षांत मला पाच-पन्नास चिनी अक्षरं ओळखता यायला लागली होती, त्यातलं ते एक. दुःख. मला एकदम बरं वाटलं. खोकल्याचं कारण सापडलं होतं, आणि ते माझ्याही छातीत होतं.

बाबांचा फॉर्म मीच भरला. नाव, वय, पत्ता, सगळं मला माहीत. सातव्या प्रश्नापुढे मी ‘काही नाही’ लिहिलं. बाबांना विचारलं नाही. आई फोनवर नेहमी सांगायची, ‘‘मलाच मेलं ते बीपी. हे ठणठणीत आहेत, तू यांची काळजी करू नकोस.’’ लिनबाईंनी आतून विचारलं, ‘‘बीपी?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. माझे वडील आहेत, मला माहीत नसणार का?’’ त्यांनी पुडीत नेहमीचा चिमूटभर ज्येष्ठमध लिहिला.

तेवढंच असतं तर निभावलं असतं कदाचित. पण मी लेक. त्यात वैद्य. मी खणातून ज्येष्ठमधाच्या कांड्यांची जुडी घरी आणली आणि बाबांच्या हातात दिली. सुपारी सोडल्यापासून त्यांना तोंडात काहीतरी लागायचंच. दिवसाला चार-पाच कांड्या चघळायचे. सकाळी नासपती, गळ्याला माझा मफलर, तोंडात कांडी, असे ते नदीच्या काठानं फिरायला जायचे. येणारा-जाणारा बोलला की त्यांना इथलं एकच उत्तर येत होतं. ‘‘ग्रँड.’’

खोकला जागच्या जागी होता. मग त्यांचे मोजे पायात रुतायला लागले. मी म्हटलं, बसून असता म्हणून. पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मी तिळाचं तेल लावलं. दुसऱ्या कोणाचे बाबा असते तर मी दारातच ओळखलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा म्हणजे मी.

ऑक्टोबरात एका सकाळी बसस्टॉपवर त्यांचे पाय लटपटले आणि ते खाली बसले ते उठता येईना. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत फुटपाथवर त्यांचा हात धरून बसून राहिली. मी पोचले तेव्हा ते स्ट्रेचरवर होते आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगत होते, ‘‘ग्रँड, ग्रँड.’’ तो मला म्हणाला, ‘‘हा गडी म्हणतोय की तो ग्रँड आहे. नाडी तसं म्हणत नाही.’’

हॉस्पिटलात कळलं, पोटॅशियम फार उतरलंय आणि हृदयाचे ठोके क्रमानं पडत नाहीयेत. वायरी लावल्या, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन दिवस सांगता येणार नाही. मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. जूनमध्ये आई, ऑक्टोबरमध्ये बाबा, आणि हे दुसरं माझ्या हातून, एवढंच डोक्यात फिरत होतं. देवाचं नावही सुचत नव्हतं.

तेवढ्यात हॉस्पिटलची फार्मासिस्ट आली. तरुण, चष्मेवाली, हातात फाईल. म्हणाली, ‘‘घरी जा आणि ते जे जे तोंडात घालतात ते सगळं पिशवीत घालून आणा. औषध असो नसो.’’ हा माझाच प्रश्न होता. माझ्यापेक्षा चांगला विचारला होता.

बाबांच्या खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, शर्टांच्या घडीमागे स्टीलच्या दोन डब्या होत्या. आई त्यांत लवंग-वेलदोडे ठेवायची. आता दोन्हींत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, नीट कापून, रबर लावून. मी उघडून बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या, त्या, कांड्यांची जुडी आणि पुड्या असं सगळं पिशवीत भरलं आणि धावले.

फार्मासिस्टनं टेबलावर सगळं मांडलं. पहिल्या डबीतली पट्टी वाचून म्हणाली, ‘‘बीपीची. पाणी काढणारी.’’ मग कांडी उचलून हुंगली. ‘‘आणि ही लिकरिस? किती दिवस? कोणी दिली?’’

‘‘चार आठवडे. मी.’’

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘मुलगी.’’ मग म्हटलं, ‘‘आणि मी वैद्य आहे. शिकलेली.’’ इतक्या वर्षांत या देशात हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा उच्चारलं ते इथे. तिनं ते फाईलमध्ये लिहून घेतलं.

दुसरी डबी उघडून तिनं पट्टी वाचली. ‘‘ही दुसऱ्या जातीची, बीपीचीच. या गोळीनं काही लोकांना कोरडा खोकला लागतो. गोळी बंद केली की जातो. खोकला कधीपासून आहे?’’

ती पट्टी मी ओळखली. आईची. नाव मला पाठ होतं, फोनवर मी दर आठवड्याला विचारायची, घेतेस ना गं? आईला या गोळीनं कधी खोकला झाला नाही.

तिसऱ्या दिवशी ठोके ठिकाणावर आले. बाबांनी उशीला टेकून चहा मागितला. मी विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला बीपी आहे हे मला का नाही सांगितलं?’’

‘‘तुह्या आईनं नाही म्हटलं. पोरगी तिकडे जीव टांगून बसते म्हणे.’’

‘‘आणि तिच्या गोळ्या? त्या कशाला घेत होता?’’

बाबा म्हणाले, ‘‘तिनं दोघांच्याही तीन महिन्यांच्या मोजून भरल्या होत्या इकडे यायसाठी. फेकाले जीव झाला नाही. म्हटलं, बीपीचीच आहे, आपूनच संपवून टाकू.’’

दुपारी लिनबाई आल्या. दुकान बंद करून, थर्मासमध्ये नासपतीचं पाणी घेऊन. नर्सनं थर्मास आत नेऊ दिला नाही, ते पाणी आम्ही दोघींनी कॉरिडॉरमध्ये बसून प्यायलं. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडायचा आवाज होता आणि कारणही होतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘सुलू, तू चहा विचारला नाहीस.’’ मी रडले. त्यांनी माझ्या मानेवरचा स्कार्फ नीट केला. दवाखान्यात परत गेल्यावर त्यांनी बाबांचा फॉर्म काढला आणि सातव्या प्रश्नातलं माझं ‘काही नाही’ लाल शाईनं खोडलं. वरचं ते दुःखाचं अक्षर तसंच ठेवलं. मी विचारलं, हे खोडायचं नाही का? त्यांनी फॉर्म खणात घातला.

बाबा घरी आले, आईच्या गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी त्यांची स्वतःची गोळीही बदलून दिली. खोकला तीन आठवड्यांत गेला. दवाखान्यातून मला कोणी काढलं नाही. पण पुढची पाच वर्षं, गेल्या जूनमध्ये लिनबाईंनी दुकान बंद करेपर्यंत, तो चहाचा किस्सा मी कोणाला सांगितला नाही. हा पहिल्यांदा.

एक राहिलं. बाबा भारतात परत जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले. इथे उरलेल्या गोळ्या केमिस्टकडे परत देतात, तो त्या नष्ट करतो. बाबांनी आईची डबी खिशातून काढून काउंटरवर ठेवली. केमिस्टनं पट्ट्या एका पिवळ्या डब्यात ओतल्या आणि रिकामी डबी आमच्यापुढे केली. झाकणाच्या आत चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलेली होती. हॉस्पिटलच्या गडबडीत मी ती पाहिलीच नव्हती. आईचं अक्षर, तिरपं, प्रत्येक शब्दावर ठळक रेघ ओढलेली. ‘या माझ्या. तुमच्या दुसऱ्या डबीत आहेत. चष्मा लावून बघा. मिसळू नका.’

मला संताप आला. केमिस्टच्या दुकानात, चार माणसांसमोर, मी त्यांच्यावर ओरडले. ‘‘बाबा, इथे स्वच्छ लिहिलंय! तुम्ही वाचलं नव्हतं का?’’

‘‘वाचलं ना,’’ बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि डबी माझ्या हातातून घेतली. ‘‘रोज सकाळी वाचत होतो. त्याच्यासाठीच त उघडत होतो.’’